फोन बंद पडतच नव्हता

माझ्या डोळ्यांदेखत तो फोन पहिल्यांदा गेला २०२२ च्या एप्रिलात, एका मंगळवारी दुपारी पावणेचारच्या सुमारास. टेबलावर चार्जिंगला लावलेला होता, स्क्रीन चालू, आपलं ॲप उघडं. मी लॅपटॉपवर दुसरंच काहीतरी करत होते. डोळ्याच्या कोपऱ्यात काळोख झाला म्हणून बघितलं, तर स्क्रीन काळी, आणि मग रंगीत ठिपके फिरायला लागले. दीड मिनिटानं फोन ‘मी नाही त्यातला’ असा चेहरा करून लॉक स्क्रीनवर हजर.

एकदा झालं तर झालं. पण त्या आठवड्यात तीनदा झालं.

मी सांगलीत घरून काम करते. एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठीचं ॲप मी आणि माझा धाकटा मावसभाऊ मिळून सांभाळतो. तो पुण्यात, मी इथे. एजंट मारुती चौक, गणपती पेठ असं फिरून दुकानदारांकडून रोजचे पन्नास-शंभर रुपये गोळा करतो, फोनवर आकडा टाकतो, कमरेला लावलेल्या ब्लूटूथ प्रिंटरमधून पावती निघते. साधं काम आहे. पण पैशाचं असल्यामुळे चूक झाली की फोन थेट मला येतो.

एजंटांना संस्थेनं २०१७ साली एकदम घेऊन दिलेले फोन होते, अँड्रॉइड ७ वाले. त्यातलाच एक मी टेस्टिंगला मागून घेतला होता. म्हणजे पाच वर्षांचा, कोपरे झिजलेला, मागचं झाकण रबरबँडनं धरलेला फोन. असा फोन आपोआप बंद-चालू व्हायला लागला तर आपण कोणाला दोष देऊ? फोनलाच. मीही तेच केलं, आणि पुढचे अठरा दिवस तेच करत राहिले.

पहिला संशय केबलवर. टेस्टिंगच्या टेबलावर केबल हा सदासर्वदा गुन्हेगारच असतो. बदलली. मग यूएसबी हब काढून थेट लॅपटॉपला जोडला. फरक शून्य. मग उन्हाळा. सांगलीचा एप्रिल, वर पत्रा, दुपारी तीननंतर माझ्या खोलीत बसणं म्हणजे शिक्षाच. फोनचं तापमान बघायला एडीबीची (लॅपटॉपवरून फोनला आज्ञा द्यायच्या साधनाची) एक सोपी आज्ञा आहे, ‘डम्पसिस बॅटरी’. त्यात तापमान दहापट करून दाखवतात. ३८४ आलं की समजायचं ३८.४ अंश. मी दर अर्ध्या तासानं आकडा वहीत लिहायला लागले. ३७६, ३८४, ३९१. गरम, पण बंद पडावं इतकं काही नाही. तरी ओल्या फडक्यावर स्टीलची ताटली, ताटलीवर फोन, असाही प्रयोग करून झाला. आई दारातून बघून गेली, काही बोलली नाही.

त्याच वहीत एक विचित्र गोष्ट जमा होत होती, आणि ती मला दिसत असून कळत नव्हती. ज्या दिवशी मी ॲपवर हात धुऊन मागे लागलेली असे, दर वीस मिनिटांनी नवं बिल्ड, म्हणजे ॲपची ताजी प्रत, करून फोनवर टाकत असे, त्या दिवशी फोन शहाण्यासारखा वागायचा. आणि ज्या दिवशी मी सर्व्हरच्या रिपोर्टवर बसलेली, फोनला हातसुद्धा लावलेला नाही, नुसतं ॲप उघडून ठेवलंय, त्या दिवशी हमखास जायचा. हे उलटं होतं. बॅटरी थकली असेल तर ताण आला की फोन मान टाकतो: बिल्ड टाकताना प्रोसेसर जोरात पळतो, करंट जास्त ओढला जातो, जुन्या बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं आणि फोन विझतो. इथे ताण असताना ठणठणीत आणि निवांत असताना झटका. मी वहीत त्याच्यासमोर फक्त ‘?’ काढून ठेवला होता.

लॉग, म्हणजे फोन स्वतःच्या कामाची ठेवतो ती नोंदवही, बघितला नाहीस का, असं कोणीही विचारेल. बघितला की! ॲप बनवायच्या अँड्रॉइड स्टुडिओत लॉग दाखवणारी लॉगकॅटची खिडकी असते, तिच्यात रोज बघत होते. फोन गेला की तिथे एवढंच दिसायचं, की ॲपची प्रोसेस संपली. त्याच्या आधी अवाक्षर नाही. क्रॅश नाही, एक्सेप्शन नाही, कुरकुर नाही. ॲप निर्दोष, मग गुन्हेगार फोन. त्या खिडकीत वरच्या कोपऱ्यात गाळणी लावलेली असते, ‘फक्त निवडलेल्या ॲपचाच लॉग दाखव’ अशी. ती मीच कधीतरी लावली होती आणि लावल्याचं विसरले होते. घर फुटलं का बघायला मी फक्त माझीच खोली तपासत होते.

मग बॅटरी बदलली. हरभट रोडच्या मागच्या गल्लीत एक मोबाइल दुरुस्तीवाले आहेत. दुकान म्हणजे पायरीएवढं. आत एक माणूस, एक भिंग, एक टेबलफॅन. साडेसातशे रुपये. त्यांनी जुनी बॅटरी मीटरवर धरली आणि म्हणाले, “ताई, ही तशी गेलेलीच होती, पण तुमचा प्रॉब्लेम हिचा वाटत नाही मला.” मी म्हटलं, बदला तरी. समाधान असतं एकेक.

नवी बॅटरी टाकली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ठिपके.

चार दिवसांनी मी परत त्यांच्या पायरीवर. मदरबोर्डचं काहीतरी असेल म्हणून तयारीनंच गेले होते. त्यांनी फोन हातातही घेतला नाही. विचारलं, “बंद होतो तेव्हा आधी कंपनीचं नाव येतं, का डायरेक्ट नाचायला लागतो?”

म्हटलं, म्हणजे?

“बटण दाबून चालू केला की कसं, आधी थरथरतो. मग कंपनीचं नाव येतं, हलत नाही ते. मग ते रंगीत नाचकाम. तुमचा कुठून सुरू होतो?”

मला सांगताच येईना. अठरा दिवस मी त्या फोनच्या मागे होते आणि तो कुठून सुरू होतो हे नीट बघितलं नव्हतं. अठरा वेळा बघितलं असतं तरी तोच प्रश्न पडला असता असं नाही. आमच्या धंद्यात आकडे बघायची सवय लागते, फोनच्या तोंडाकडे कोण बघतं. ते म्हणाले, “बघून या. नाव येत असेल तर माझं काम. येत नसेल तर तुमचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला शेवटचं बिल्ड टाकलं आणि नंतर मुद्दाम फोनला हात लावला नाही. साडेतीनला त्याच्यासमोर लसूण सोलत बसले. पावणेचारला दोन-तीन मिनिटं असताना स्क्रीनवरचं घड्याळ थांबलं. काही क्षण नुसतं थांबलेलं. मग काळोख. थरथर नाही. कंपनीचं नाव नाही. थेट नाच.

लसणाच्या हातानंच टर्मिनल उघडलं आणि टाइप केलं: एडीबी शेल अपटाइम. फोन सुरू होऊन किती वेळ झाला ते ही आज्ञा सांगते. उत्तर आलं: ३ दिवस, ४ तास आणि काही मिनिटं.

दोन मिनिटांपूर्वी माझ्यासमोर ‘रीस्टार्ट’ झालेला फोन म्हणत होता की मी तीन दिवस अखंड जागा आहे. आणि तो खरंच बोलत होता. फोन बंद पडतच नव्हता.

हे जरा उलगडून सांगायला हवं. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचं कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा गाभा, असतं. त्याच्यावर जे काही आपल्याला ‘फोन’ म्हणून दिसतं, म्हणजे खिडक्या, सूचना, सेटिंग्ज, कोणतं ॲप जगेल आणि कोणतं मरेल याचा कारभार, त्यातलं बरंचसं सिस्टिम सर्व्हर नावाच्या एकाच प्रोसेसमध्ये चालतं. ती प्रोसेस मेली की तिला जन्म देणारी झायगोट प्रोसेसही मुद्दाम आत्महत्या करते, आणि सगळा वरचा मजला नव्यानं बांधला जातो. तळमजला जागच्या जागी. म्हणून कंपनीचं नाव येत नाही, कारण ते तळमजल्याच्याही आधीचं बूटलोडर दाखवतं. म्हणून अपटाइम तुटत नाही. याला आम्ही सॉफ्ट रीबूट म्हणतो. शब्द मला माहीत होता. दहा वर्षं माहीत होता. फक्त तो या टेबलावर लागू पडेल असं डोक्यात आलं नाही, कारण फोन जुना होता आणि झाकणाला रबरबँड होतं.

ज्यांच्याकडे एडीबी नाही त्यांनाही हे बघता येतं. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’च्या आत ‘स्थिती’ असतं, तिथे बहुतेक फोनांत अपटाइम लिहिलेला असतो. फोन आत्ताच बंद-चालू झाला आणि तिथे तासंतास दिसतायत, तर बॅटरीवर पैसे घालवू नका. मी घातलेत.

आता काम सोपं होतं. सॉफ्ट रीबूटमध्ये एडीबीचा फोनमधला भागही जिवंत राहतो, कारण तो झायगोटच्या पोटचा नाही. म्हणजे लॅपटॉपवरून लॉग ओढत राहिलं तर फोन पडतानाचं सगळं हाती लागतं. या वेळी स्टुडिओची खिडकी बंद. टर्मिनलमधून लॉगचे सगळे बफर (कप्पे), कसलीही गाळणी नाही, थेट फाइलमध्ये. सकाळी पावणेदहाला लावलं आणि आईबरोबर गच्चीवर कुरडया घालायला गेले. चार वाजता येऊन बघितलं तर फोन नाचून स्थिर झालेला, आणि फाइल भलीमोठी.

झायगोट शब्द शोधला. ‘सिस्टिम सर्व्हर संपला म्हणून झायगोटही बाहेर पडतोय’ अशा अर्थाची ओळ सापडली. तिथून वर सरकत गेले. आणि ही ओळ: ‘जेएनआय एरर (ॲप बग): ग्लोबल रेफरन्स टेबल ओव्हरफ्लो (मॅक्स=५१२००)’.

‘ॲप बग.’ कंसात. हे शब्द खरं तर त्या संदेशात ठरलेलेच असतात, कोणाचीही चूक असो. पण अठरा दिवसांनंतर ते कंस वाचताना कानशिलं गरम झाली.

देवळाबाहेरचा चप्पल स्टँड डोळ्यांसमोर आणा. चपला ठेवल्या की एक खण अडकला. परत नेल्या की मोकळा. सिस्टिम सर्व्हरकडे असा एक स्टँड आहे आणि त्यात ५१,२०० खण आहेत. तुमच्या ॲपनं ‘अमुक बदललं की मला कळव’ अशी नोंद केली की तुमच्या नावानं खण अडकतात. नोंद मागे घेतली किंवा तुमचं ॲप मेलं की मोकळे. आता एखादा दर सेकंदाला चपला ठेवतोय आणि न्यायला येतच नाही असं झालं तर? एके क्षणी स्टँड भरतो. पण जुन्या अँड्रॉइडमध्ये त्या माणसाला ‘जागा नाही’ म्हणून हाकलत नाहीत. देऊळच बंद करतात.

त्या ओळीखाली स्टँडवर कोणाच्या चपला आहेत त्याची यादीही असते. वर दोनच मोठे आकडे, दोन्ही साडेबावीस हजारांच्या आसपास. एक वीक रेफरन्स, दुसरा कंटेंट सर्व्हिसचा ऑब्झर्व्हर एंट्री, तीच ती ‘बदललं की मला कळव’वाली नोंद. म्हणजे एकेका नोंदीला दोन-दोन खण. मी कॅल्क्युलेटर काढला. ॲप उघडल्यापासून फोन पडेपर्यंतचे सव्वासहा तास गुणिले तीन हजार सहाशे. साडेबावीस हजार. सेकंदाला एक.

सेकंदाला एक असं माझ्या ॲपमध्ये एकच होतं: वरच्या पट्टीतलं घड्याळ.

त्याचा इतिहास असा. पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांची पहिल्या दिवसापासूनची अट होती, एजंटाला फोनच्या तारखेशी खेळता येता कामा नये. शनिवारी गोळा केलेले पैसे सोमवारी भरताना तारीख मागे घेऊन पावती काढायची, हा प्रकार त्यांनी आधीच्या ॲपमध्ये भोगलेला होता. म्हणून मी एक फंक्शन लिहिलं होतं, ‘तारीख तपासा’. ते फोनमधलं ‘आपोआप तारीख’ हे सेटिंग वाचायचं, ते बंद असेल तर लाल पट्टी दाखवायचं, आणि सेटिंग बदललं की कळावं म्हणून कंटेंट ऑब्झर्व्हर नोंदवायचं. स्क्रीन उघडताना एकदा बोलवायचं. ठीक होतं. मग कधीतरी तक्रार आली, की सेटिंग परत चालू केलं तरी लाल पट्टी जायला वेळ लागतो. मी म्हटलं, त्यात काय, घड्याळ दर सेकंदाला ताजं होतंच, त्यातच ‘तारीख तपासा’ बोलवू. एक ओळ. कमिटचा, म्हणजे कोडमधला बदल जतन करतानाचा, संदेश होता: ‘पट्टीची किरकोळ दुरुस्ती’. तारीख आठ महिन्यांपूर्वीची, नाव माझं.

दर सेकंदाला नवा ऑब्झर्व्हर. मागचा कोणी काढतच नव्हतं.

कोड सापडला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं मी मानत नाही; या अठरा दिवसांत तर अजिबातच मानायचं नाही असं ठरवलं. ‘डम्पसिस कंटेंट’ ही आज्ञा शेवटी प्रत्येक प्रोसेसच्या नावावर किती ऑब्झर्व्हर आहेत ते छापते. ॲप उघडून थोड्या वेळानं चालवली: ४१२. चहा टाकून आले, चालवली: ७०३. फोनमधली बाकीची सगळी ॲपं पाच-दहावर गुण्यागोविंदानं नांदत होती. मग घड्याळाचा वेग बदलून दर सेकंदाऐवजी दर दहा मिलिसेकंदांनी केला आणि मनगटावर नजर ठेवून बसले. साडेचार मिनिटांत ठिपके नाचायला लागले. इतका आनंद मला त्या ठिपक्यांचा आयुष्यात झाला नव्हता.

वहीतला तो ‘?’ही सुटला. नवं बिल्ड टाकलं की जुनी प्रोसेस मरते आणि तिच्या नावचे सगळे खण मोकळे होतात. म्हणून जोरात काम चालू असलं की फोन ठणठणीत. हात लावला नाही की मोजणी सव्वासहा तासांपर्यंत बिनबोभाट पोचायची. आणि माझा दिवस साडेनऊला सुरू होतो, म्हणून पावणेचार. उन्हाचा काही संबंध नव्हता. एजंटांना हे फारसं का दिसलं नाही, तेही कळलं. त्यांचा फोन खिशात असतो, स्क्रीन बंद, घड्याळ थांबलेलं. वर त्या फोनांची मेमरी इतकी कमी की दुसरं काही उघडलं की आमचं ॲप आपोआप मारलं जातं. माझ्या टेबलावर मात्र ‘चार्जिंगवर असताना स्क्रीन चालू ठेवा’ हे डेव्हलपर ऑप्शन कायम चालू.

रात्री मावसभावाला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, “ताई, एक मिनिट. सेकंदाला एक ना? सहा हजार सेकंद म्हणजे किती?”

एक तास चाळीस मिनिटं.

त्याच्याकडे अँड्रॉइड १० चा फोन होता. आणि महिनाभर त्याची कुरकुर चालली होती की ॲप त्याच्याकडे दीड-पावणेदोन तासांनी गपकन बंद होतं, क्रॅशचा निरोपही न देता. आम्ही ते फोन कंपनीच्या बॅटरी सेव्हरच्या माथी मारून यादीत खाली ढकललेलं. नवीन अँड्रॉइडमध्ये देवळाच्या विश्वस्तांनी शहाणपणा केलाय: एकाच ॲपनं सिस्टिमकडे असे सहा हजार बाइंडर (सिस्टिमशी बोलण्याचे दुवे) अडकवले की त्या ॲपलाच उचलून बाहेर टाकतात, देऊळ चालू राहतं. त्यानं तिथल्या तिथे जुना लॉग उघडला. कारणाच्या जागी लिहिलेलं होतं, सिस्टिमला फार बाइंडर पाठवले. त्याच्याकडे ॲप मरत होतं, माझ्याकडे फोन, आणि आम्ही दोन वेगवेगळे बग दोन वेगवेगळ्या रंगांत रंगवून ठेवले होते.

दुरुस्तीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. स्क्रीन दिसायला लागली की एकदा नोंदवायचं, दिसेनाशी झाली की काढायचं. सेकंदाच्या घड्याळातून ती ओळ गेली. ‘डम्पसिस कंटेंट’ आता तासभरानंतरही तोच एक आकडी आकडा दाखवतं. फोन सलग तीन दिवस ॲप उघडं ठेवून जागवला, तेव्हाच नवं व्हर्जन सोडलं.

दुरुस्तीवाल्यांना सांगायला गेले. त्यांनी एवढंच विचारलं, “नाव येत नव्हतं ना?” म्हटलं, नव्हतं. “मग तुमचंच काम,” म्हणाले आणि भिंग डोळ्याला लावलं.

मॅनेजरसाहेबांनाही फोन केला. सगळ्यांना अपडेट टाकायला सांगा, कधीमधी फोन आपोआप रीस्टार्ट होत असेल तर ते थांबेल. ते म्हणाले, “म्हणजे काउंटरवरचा?” मला माहीतच नव्हतं की काउंटरवर एक फोन असतो. दिवसभराची जमा बघायला कॅशियरबाईंनी ॲप कायम उघडं ठेवलेलं, कायम चार्जिंगला. रोज चारच्या चहाला तो बंद-चालू व्हायचा. त्यांना वाटलं लाइटचा दोष. वायरमन बोलावून त्या एका फोनसाठी त्यांनी इन्व्हर्टरवरून वेगळा पॉइंट काढून घेतला होता. मागच्या महिन्यात गेले होते तेव्हा बघितला. पांढरा बोर्ड, वर मार्करनं लिहिलंय: ‘फक्त पिग्मी फोन’.